लाइक मोजून गल्ला भरत नाही

वसई-विरारच्या दुकानदाराला सध्या कशाचीही टंचाई असेल, सल्ल्यांची नाही. रोज एक रील टाका, महिन्याला थोडे पैसे लावून बूस्ट करा, एखाद्या फूड ब्लॉगरला जेवायला बोलवा, मग बघा गिऱ्हाईक कसं रांग लावतं, असं सांगणारी मंडळी स्टेशन रोडपासून पापडीच्या बाजारापर्यंत सगळीकडे फिरून गेली आहेत. त्यांच्या भाषणाचा उत्तरार्ध गावासाठी असतो. वसईचा किल्ला, अर्नाळा, तुंगारेश्वर यांचे फोटो पसरले पाहिजेत. फोटो पसरले की लोक येतील, लोक आले की इथला धंदा वाढेल. ऐकायला सगळं बिनतोड वाटतं. मला ते पटत नाही. दुकानदाराला आणि गावाला एकच माल विकला जातोय, तो म्हणजे पाहणाऱ्यांचा आकडा. त्या आकड्याचा इथल्या गल्ल्याशी संबंध लागतो तो मोजक्याच धंद्यांत, आणि हे सांगायला कुणी तयार नाही.

आधी दुकानाचं बघू. बूस्टचं बटण दाबलं की नकाशा उघडतो. त्यावर टाचणी रोवायची आणि तिच्याभोवती किती किलोमीटरच्या वर्तुळातल्या लोकांना जाहिरात दाखवायची ते ठरवायचं. वसई रोड स्टेशनवर टाचणी ठेवून दहा किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा. पश्चिमेला रानगाव-भुईगावच्या पुढे त्याचा चांगला मोठा लचका समुद्रात जातो. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. दक्षिणेला ते खाडी ओलांडून भाईंदरमध्ये घुसतं. समुद्रातल्या माशांकडे मोबाइल नाहीत म्हणून तेवढे पैसे वाचतात, पण भाईंदरच्या माणसाला जाहिरात दाखवल्याचे पैसे पुरेपूर लागतात, वर अठरा टक्के जीएसटी. तो माणूस ब्लाउज शिवायला टाकण्यासाठी किंवा पाव किलो फरसाण घेण्यासाठी खाडी पार करून माणिकपूरला येणार आहे का?

या वर्तुळाला रेल्वेचे रूळही दिसत नाहीत. आपलं शहर रुळांनी उभं चिरलेलं आहे, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. संध्याकाळी सातला उड्डाणपुलावर काय होतं ते ज्याने भोगलंय तो पश्चिमेकडून पूर्वेला केक आणायला जात नाही, मग रीलमध्ये त्या केकवर कितीही चॉकलेट ओघळू दे. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. कागदावर हे एक शहर आहे. खरेदीच्या सवयी पाहिल्या तर अजूनही ती पुष्कळ गावं आहेत. आगाशीचं गिऱ्हाईक वेगळं, एव्हरशाइनचं वेगळं, संतोष भुवनचं वेगळं. दुकानाला लागणारी माणसं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत राहतात. त्यांच्यापर्यंत पोचायला मुंबईभर पसरायची गरज नाही.

विरार पश्चिमेला एका काकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांच्या जाहिरातीचं काम घेतलेल्या एजन्सीने महिन्याअखेर त्यांना एक रंगीत अहवाल पाठवला. त्यात रीचचा आकडा पाच अंकी. आलेख असा चढलेला की पाहणाऱ्याला जीवदानीच्या पायऱ्या आठवाव्यात. काकूंनी तो मला दाखवला आणि विचारलं, “हे सगळे लोक जेवायला कधी येणार?” मी रीलखालच्या कॉमेंट वाचल्या. ‘लोकेशन?’ ‘ठाण्याला डिलिव्हरी आहे का?’ ‘पुण्यात शाखा काढा.’ मग गूगल मॅपवर त्यांचं केंद्र शोधलं. टाचणी रुळांच्या पलीकडे, पूर्वेला लागलेली. फोन नंबर मुलाच्या जुन्या सिमचा. रविवारी काकू पुरणपोळ्या करतात, आणि नकाशावर लिहिलेलं, ‘रविवारी बंद’. फोटो एकच, तोही कुणा गिऱ्हाइकाने काढलेला अर्ध्या रिकाम्या ताटाचा. हे सगळं दुरुस्त करायला एक छदामही लागत नाही. त्या चकचकीत अहवालात याबद्दल एक ओळ नव्हती, कारण टाचणी हलवल्याचं कमिशन मिळत नाही.

एजन्सीवाल्यांचा एक मुद्दा मात्र वरवर वजनदार आहे. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. त्या प्रवासात हजारो माणसं मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभी असतात. जाहिरातीला यापेक्षा चांगली जागा कोणती, असं ते विचारतात. प्रश्न चांगला आहे, उत्तर मात्र त्यांच्या सोयीचं नाही. त्या डब्यात अंगठा सरकत असतो आणि डोळ्यांपुढून मनालीचा बर्फ, कुणाचं लग्न, क्रिकेट, राजकारण आणि काकूंची पोळी एका ओळीने वाहत जातात. रील सुरू झाली की इन्स्टाग्रामच्या हिशेबात तो एक व्ह्यू. त्याच माणसाने पुन्हा पाहिली की आणखी एक. अंगठा पुढे सरकला तरी मोजणी झालेली असते. खरा क्षण त्यानंतर येतो. रात्री नऊ वाजता तोच माणूस दमून विरारला उतरतो, घरी स्वयंपाक नसतो, आणि पुलावरून चालता चालता तो शोधतो की जवळ पोळी-भाजी कुठे मिळेल. त्या क्षणी त्याला रील नको असते. केंद्र उघडं आहे का, कुठल्या गल्लीत आहे, फोन उचलतात का, एवढंच त्याला हवं असतं. या तीन गोष्टी बरोबर असतील तर काकूंचं ताट विकलं जातं.

रील कुणाच्याच कामाची नाही असं मी म्हणत नाही. कळंब-राजोडीचा रिसॉर्ट, लग्नाचा हॉल, मेकअप करणारी मुलगी, डेकोरेटर, आणि हो, फोटोग्राफर, यांचं गिऱ्हाईक लांबून येतं, बहुधा एकदाच येतं आणि चित्र पाहूनच ठरवतं. त्यांनी खुशाल रील कराव्यात, खर्चही करावा. पण त्यांना लागू पडलेलं औषध किराणावाल्याला, शिंप्याला, दवाखान्याला, पिठाच्या गिरणीला पाजलं जातंय. माझ्या ओळखीतले एक गिरणीवाले गाण्यावर ओठ हलवत पीठ दळतात. लाइक मिळतात, नाही असं नाही. दळण मात्र त्याच चार इमारतींतून येतं, पूर्वी येत होतं तेवढंच.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे २०२०. टाळेबंदीत ऑनलाइन नसतात तर लोक मेले असते, असं ऐकवलं जातं. त्या दिवसांत इथे भाजी, मासे, केक, डबे कसे विकले गेले ते जरा आठवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘उद्या सकाळी गेटवर पापलेट आणि बोंबील येतील, ज्यांना हवे त्यांनी नाव टाका.’ त्यात कुणी व्हायरल झालं नव्हतं. पन्नास घरं, एक ओळखीची कोळीण, सकाळी आठची वेळ, पैसे यूपीआयने. दुकानदारांसाठीचं व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ च्या जानेवारीतच आलं होतं. त्यात मालाची यादी लावता येते, दुकान कधी उघडं ते लिहिता येतं, आणि त्याला वर्गणी नाही. मोबाइलवरची जाहिरात कशी असावी याचा चांगला धडा टाळेबंदीच्या वर्षाने दिला होता. आपण तो रीलच्या नादात विसरलो. एक पथ्य तेवढं पाळायला हवं. ज्याने स्वतःहून नंबर दिला त्यालाच निरोप जावा. विकत मिळणाऱ्या याद्यांवर सकाळ-संध्याकाळ ‘महाधमाका’ पाठवणारे आपलंच नाव ब्लॉक करून घेतात.

पाहुणे ब्लॉगर हा आणखी एक खर्च. फुकट जेवण आणि वर पाकीट घेऊन ‘विरारची नंबर वन थाळी’ म्हणणाऱ्याने, हे पैसे घेऊन केलेलं आहे, असं स्पष्ट सांगितलं पाहिजे, असं सरकारी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. आपल्याकडच्या किती रीलवर ‘जाहिरात’ हा शब्द दिसतो ते वाचकांनीच पाहावं.

आता गावाच्या प्रसिद्धीचा मुद्दा, जो मला जास्त टोचतो. किल्ल्याचे फोटो पसरले की वसईचं भलं होईल, हे गृहीत धरलं जातं. किल्ल्याला फोटोंचा दुष्काळ होता कधी? गेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक काढलं त्यातच छायाचित्रं होती. पुढे हिंदी सिनेमा आला. ‘जोश’मध्ये किल्ला दिसला, ‘खामोशी’त दिसला. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २०१६ च्या गाण्यातही इथले भग्न कमानींचे चौक झळकले. ते गाणं जगभर पाहिलं गेलं. पाहणाऱ्याला ही वसई आहे हे कळायची सोय त्यात नव्हती, आणि कळलं असतं तरी किल्लाबंदरच्या कोळणीच्या टोपलीतला एक बोंबीलही त्यामुळे जास्त खपला नसता. दीडशे वर्षं फोटो निघताहेत. फोटोंनीच भरभराट व्हायची असती तर एव्हाना पाचूबंदरला सोन्याच्या होड्या असत्या.

फोटोसाठी येणारी गर्दी कशी येते आणि कशी जाते, ते एखाद्या रविवारी जमीन दरवाजापाशी उभं राहून पाहा. रीलने सांगितलेलं असतं: मुंबईहून दीड तास, तिकीट नाही, संध्याकाळी पाच ते सहा ‘गोल्डन अवर’. पाण्याची बाटली आणि वेफर्स स्टेशनवर घेतलेले. रिक्षा थेट किल्ल्यात. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, डॉमिनिकनांचे खांब, फ्रान्सिस्कन चर्चची मोठी कमान, की परत रिक्षा. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज लेख कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. त्यांवर ट्रॉलीबॅग उघडून नवरीचा तिसरा ड्रेस काढला जातो, धुराच्या रंगीत नळकांड्या फोडल्या जातात. किल्लाप्रेमी मंडळी याविरुद्ध ओरडत आली आहेत आणि त्यांना ‘पर्यटनविरोधी’ म्हणून झटकलं जातं. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. अशा वास्तूची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. हौसेने हातात कॅमेरा घेऊन फिरणं वेगळं आणि दिवे, स्टँड, ड्रोन घेऊन धंद्याचं शूटिंग करणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. सहलीचे बेत आखून देणाऱ्या रील ही एक ओळ बरोबर गाळतात.

आणि या सहलींचं नियोजन तरी धड असतं का? फोटोसाठी अर्नाळ्याला निघालेल्या टोळक्याला विचारा, आज भरती किती वाजता आहे? बहुतेकांकडे उत्तर नसतं. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. त्यासाठी ॲपही लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. अर्धा तास इकडेतिकडे धरा. याचा फोटोवाल्याला उपयोग असा: अष्टमीच्या आगेमागे सूर्यास्ताला पाणी भरलेलं असतं, होड्या तरंगत असतात. पण तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण दुपारी येऊन जातं आणि सूर्यास्ताला ओहोटी लागलेली असते. त्या वेळी राजोडीला गेलात तर ओल्या वाळूचा लांबलचक आरसा मिळतो आणि खाडीच्या बाजूला गेलात तर गुडघाभर चिखल. एकाच दिवशी दोन ठिकाणी दोन निरनिराळी चित्रं असतात. रीलच्या ‘बेस्ट टाइम ५ पीएम’मध्ये यातलं काहीही येत नाही.

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे. किनाऱ्यावरून होडीने काही मिनिटांचा प्रवास, चढता-उतरताना पाय भिजतातच. मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतल्यावर तो पुन्हा बांधून काढला. दरवाजावर शिलालेख आहे, आत गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि मुख्य म्हणजे बेटावर माणसं राहतात. ते कोळ्यांचं गाव आहे. कुणाच्या अंगणातली बाई म्हणजे तुमच्या चौकटीतलं ‘फोरग्राउंड’ नव्हे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो. त्या काळात ‘मान्सून व्हाइब्स’साठी होडीवाल्याच्या मागे लागणं हा शुद्ध गाढवपणा. चिंचोटीच्या धबधब्याबद्दल तर बोलायलाच नको. पावसाळ्यात तिथे माणसं बुडतात, पोलीस मनाई आदेश काढतात, आणि त्याच आठवड्यात ‘मुंबईजवळचा छुपा धबधबा’ अशी नवी रील फिरायला लागते. ती बनवणारा बुडालेल्यांच्या घरी जात नाही.

किल्लाबंदरला बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील सुकत असतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले, खाली सावलीच्या रेघा. फोटोला याहून चांगला विषय नाही हे मान्य. म्हणून सुट्टीच्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांचा घोळका पडतो. एका बाईने एका तरुणाला माझ्यादेखत सुनावलं, “फोटो काढतंस तर बोंबील पण घे की, वास फोटोत येत नाय!” सगळे हसले. घेतले कुणीच नाहीत. मला त्या एका वाक्यात गावाच्या प्रसिद्धीचा सगळा हिशेब दिसला. चित्र तिचं, लाइक त्याचे, आणि जेवायला मंडळी हायवेवरच्या साखळी हॉटेलात.

मग फोटोवाल्यांनी येऊच नये? यावं, जरूर यावं. पण दोन तासांचा छापा मारायला येऊ नये, पुरा दिवस घेऊन यावं. सकाळी किल्ला, जेव्हा लोक कमी आणि ऊन कोवळं. दुपारी उभ्या उन्हात फोटो तसेही चपटे येतात. तेव्हा गावातल्या खानावळीत बसावं, निर्मळ-आगाशीच्या वाड्यांतून फिरावं, सुकेळी घ्यावीत. नालासोपाऱ्याला बुरुड राजाच्या कोटात जावं. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरलेला तो बौद्ध स्तूप आहे, आणि तिथे रांग नसते. संध्याकाळचा किनारा तिथी पाहून ठरवावा. माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारावं, नंतर त्याच्या मोबाइलवर पाठवावा.

आणखी एक काम आहे, जे फोटोवाले सहज करू शकतात आणि कुणी करत नाही. किल्ल्याच्या कमानीचा आणखी एक फोटो जगाला नको आहे. पण ज्या खानावळीत जेवलात तिच्या नकाशावरच्या पानावर एकही धड फोटो नसतो. तिथे ताटाचा, दाराचा, पाटीचा असे तीन स्वच्छ फोटो चढवा, टाचणी चुकलेली असेल तर दुरुस्ती सुचवा. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या हजार फॉलोअरांना दाखवलेल्या सूर्यास्तापेक्षा त्या खानावळीला त्याचा जास्त उपयोग होईल, कारण ते पान उघडणारा माणूस भुकेला असतो आणि जवळच उभा असतो.

मला जुनाट म्हणतील. म्हणोत. वसईची भाजी, वसईची केळी, वसईची फुलं ही नावं मुंबईच्या बाजारात कुणी बूस्ट केली नव्हती. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायकांनी तोच माल, त्याच दारात, वर्षानुवर्षं दिला म्हणून ‘वसईची’ म्हटलं की गिऱ्हाईक थांबायचं. मोबाइलने हे काम सोपं व्हायला हवं होतं. ओळखीचं गिऱ्हाईक पुन्हा आणणं, नव्याला बरोबर दार दाखवणं, एवढंच त्याच्याकडून करून घ्यायचं होतं. त्याऐवजी दुकानदार गल्ला सोडून लाइक मोजत बसलाय.

तेव्हा दुकानदारांना एवढंच सांगणं आहे की पुढच्या महिन्याचं बूस्ट लावण्याआधी आपल्याच दुकानाचं नाव परक्या फोनवरून शोधून पाहा, आणि तिथला नंबर लावून पाहा कुणी उचलतं का. आणि एजन्सीवाल्यांना मागणी अशी की अहवालाच्या पहिल्या पानावर रीच आणि व्ह्यूज नकोत. या महिन्यात जाहिरात पाहून किती फोन आले, किती जण दुकानात आले आणि किती जणांनी पैसे दिले, हे तीन आकडे आधी लिहा. ते देता येत नसतील तर बिल पाठवू नका.